उरल्यासुरल्या हॉप्सची पेल एल

इंग्लंडमध्ये घरी बिअर करणाऱ्या कुणाचाही फ्रीजर उघडा, खालच्या खणात हॉप्सच्या अर्धवट वापरलेल्या पुड्या सापडतीलच. दुकानात हॉप्स बहुधा 100 ग्रॅमच्या पाकिटात मिळतात आणि 23 लिटरच्या, म्हणजे जुन्या मापाने पाच गॅलनच्या, एका घाण्याला साठ-सत्तर ग्रॅम पुरतात. उरलेले पाकिटाला चिमटा लावून आत जातात. वर्षभरात ईस्ट केंट गोल्डिंग्ज, फगल, चॅलेंजर अशा चार-पाच पुड्या साठल्या, की त्या मार्गी लावायला इंग्लिश पद्धतीच्या पेल एलसारखी दुसरी बिअर नाही. तिचा पाया धान्य, पाणी आणि यीस्ट यांत असतो. हे तिन्ही चोख असलं की हॉप्सची सरमिसळ ती सहज पेलते, असं माझं ठाम मत आहे.

या मताला जुन्या व्यवहाराचाही आधार आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश ब्रुअरींच्या नोंदवह्यांत एकाच घाण्यात यंदाचे, गेल्या सालचे आणि परदेशातून आलेले हॉप्स एकत्र घातल्याच्या नोंदी सर्रास आढळतात. कारण उघड आहे. हॉप्सचं पीक सप्टेंबरात एकदाच येतं आणि ते वर्षभर पुरवायचं असतं. केंटमध्ये तोडणीच्या दिवसांत लंडनच्या ईस्ट एंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं पोराबाळांसकट मळ्यांवर राहायला जात. मजुरी आणि मोकळी हवा दोन्ही एकदम मिळायची. जॉर्ज ऑरवेल 1931 मध्ये हेच काम करायला गेला आणि त्यावर त्याने लिहिलं. तोडलेली फुलं निमुळत्या छपराच्या ओस्ट हाउसमध्ये वाळवून लांबलचक पोत्यांत दाबून भरली जात. थंड गोदाम आणि हवाबंद पाकीट नसल्याच्या काळात जुना हॉप किती उतरला हे ब्रुअरला नाकाने आणि बोटांनी ठरवावं लागे.

आजही सुरुवात तिथूनच करावी. एक फूल तळहातांत चुरडा. पाकळ्यांच्या बुडाशी असलेली पिवळी चिकट पूड हाताला लागते. तिला ल्युप्युलिन म्हणतात आणि कडवटपणा नि सुगंध दोन्ही तिच्यातच असतात. ताज्या गोल्डिंग्जला फुलांचा, किंचित मधाचा वास येतो, फगलला ओल्या मातीचा आणि लाकडाचा. पूड केशरी-तपकिरी झाली असेल आणि वास जुन्या चीजकडे झुकत असेल, तर आल्फा आम्लांचं, म्हणजे कडवटपणाच्या मूळ द्रव्यांचं, ऑक्सिडीकरण झालं असं समजावं. असे हॉप्स शेवटी सुगंधासाठी घालू नयेत, सुरुवातीपासून उकळावेत. तो वास बराचसा वाफेबरोबर जातो. कडवटपणाही पूर्ण जात नाही, कारण आल्फा आम्लं घटताना बीटा आम्लांपासून काही कडू द्रव्यं तयार होतात. बेल्जियममध्ये लँबिक बनवणारे तर दोन-तीन वर्षं मुरवलेले हॉप्स मुद्दाम वापरतात.

कडवटपणाचा हिशेब कागदावर मांडता येतो. 7 टक्के आल्फा आम्लाचा चॅलेंजर 20 ग्रॅम उरला आहे, म्हणजे हाताशी 1,400 मिलिग्रॅम आम्ल आहे. तासभर उकळल्यावर त्यातला साधारण पाव हिस्सा रूप बदलून धान्याच्या रसात उतरतो. 23 लिटरला भागलं की लिटरमागे 15 मिलिग्रॅम, हाच कडवटपणाचा आकडा. 5 टक्क्यांचे 25 ग्रॅम गोल्डिंग्ज तासभरासाठीच घातले तर आणखी साडेतेरा. साडेचार टक्क्यांचा 20 ग्रॅम फगल शेवटच्या पंधरा मिनिटांना घातला, तर उतारा निम्म्यावर येतो आणि भर पडते जेमतेम पाचाची. एकूण तेहतीस-चौतीस, या बिअरला अगदी योग्य. पुडी जुनी असेल तर छापील टक्केवारीतून अंदाजाने वजावट करायची. सुगंधाचा मात्र असा हिशेब होत नाही.

धान्यात काटकसर नको. 4.2 किलो मॅरिस ऑटर आणि पाव किलो क्रिस्टल माल्ट घ्यावं. मॅरिस ऑटर ही बार्लीची जात 1960 च्या दशकात केंब्रिजजवळच्या प्लांट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. ‘मॅरिस’ हे तिथल्या रस्त्याचं नाव. एकरी उतारा कमी म्हणून पुढे शेतकऱ्यांनी ती जवळजवळ सोडलीच होती. चवीसाठी दाम मोजणाऱ्या ब्रुअरांमुळे आणि बियाणं पुन्हा शुद्ध करणाऱ्या धान्य व्यापाऱ्यांमुळे ती टिकली. भरडलेलं माल्ट अकरा लिटर गरम पाण्यात कालवून 66-67 अंशांवर तासभर झाकून ठेवायचं. या टप्प्यात दोन विकरं काम करतात: एक थोड्या कमी तापमानाला यीस्टला पचेल अशी साखर करतं, दुसरं थोड्या जास्त तापमानाला स्टार्चचे मोठे तुकडे पाडतं. तापमान 69 च्या वर गेलं की बिअर अंगाने जड होते, 64 ला आलं की पातळ आणि कोरडी. चमचाभर रस बशीत घेऊन आयोडिनचा थेंब टाका. निळा-काळा झाला तर स्टार्च अजून शिल्लक आहे. मग रस निथळायचा, चोथ्यावरून 76 अंशांचं पाणी हळूहळू सोडायचं आणि सगळं उकळायला ठेवायचं.

पाण्याने या बिअरचं नशीब घडवलं. बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींत जिप्सम मुबलक, आणि सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ, टोकदार लागतो. बर्टनच्या बास आणि ऑल्सॉप यांची पिंपं केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई बंदरात उतरत. त्याआधी लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची बिअर इकडे येत असे. महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रवासासाठी हॉप्स जादा घालत, कारण बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंना ते रोखतात. घरच्या नळाच्या पाण्यातही चमचाभर जिप्समने फरक पडतो, आणि क्लोरीन घालवायला कॅम्पडेनची अर्धी गोळी पुरते.

हे सगळं घरात करायची मुभा तशी अलीकडची. 1880 मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून बिअरवर बसवला, तेव्हापासून घरच्या बिअरलाही परवाना लागे. 1963 मध्ये अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी ती अट रद्द केली. पुढे बूट्ससारख्या औषधांच्या दुकानांतही बिअरचं साहित्य मिळू लागलं, आणि डेव्ह लाइनच्या 1974 च्या पुस्तकाने सरळ धान्यापासून बिअर करण्याचा धीर हजारोंना दिला. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. त्यामुळे ही कृती लंडन-स्लाऊकडच्या मराठी मंडळींच्याच उपयोगाची.

उकळी थांबली की रस झटपट 20 अंशांपर्यंत निववून इंग्लिश एल यीस्ट घालावं. घनता 1.043 वरून 1.011 च्या आसपास आली की अल्कोहोल सव्वाचार टक्के भरतं. चिमूटभर हॉप्स अजून उरले असतील आणि वास ताजा असेल, तर ते आता फसफस ओसरल्यावर टाकावेत. बाटलीत किंचित साखर घालून दोन-तीन आठवडे मुरू द्यावं आणि 12 अंशांच्या आसपास प्यावं. बर्फासारख्या थंडीत गोल्डिंग्ज कळत नाहीत. चोथा कोंबड्यांना घालता येतो, पण उकळलेल्या हॉप्सचा गाळ उघड्यावर टाकू नये. तो पोटात गेला तर कुत्र्यांना जीवघेणा ताप चढतो.