बांध कोरला तर गाव दंड करतं : लॅक्सटनची गोष्ट



शेजाऱ्याने बांध कोरला, एखादं तास आपल्या रानात जास्त घातलं, तर पुढे काय होतं हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. आधी बोलाचाली, मग मोजणी, मग तारखा. सख्ख्या भावांची तोंडं फिरतात आणि जावा-जावांचं हळदीकुंकूसुद्धा बंद होतं. आज आम्ही इंग्लंडमधल्या एका गावाची माहिती सांगणार आहोत. त्या गावात शेताला कुंपण नाही, पट्ट्याला पट्टा लागून आहे, आणि कोणी किती कोरलं याचा निवाडा दरवर्षी गावचे पंचच करतात. ही पद्धत तिथे कित्येक शतकं चालू आहे. गावाचं नाव लॅक्सटन.

लॅक्सटन इंग्लंडच्या मध्यभागी, नॉटिंगहॅमशर नावाच्या परगण्यात आहे. १०८६ साली तिथल्या राजाने सगळ्या मुलखाची मोजदाद करून घेतली, त्या दप्तरात या गावाची नोंद सापडते. गावात जुनं चर्च आहे, एका जुन्या गढीचा उंचवटा आहे. शेतकऱ्यांची घरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकत्र, आणि रानं गावाबाहेर. आपल्या गावठाणासारखंच म्हणा ना.

गावाभोवती तीन मोठी शेतं आहेत. शेत म्हणजे एका घराचं वावर नव्हे. शेकडो एकरांची सलग जमीन, आणि तिच्यात प्रत्येक कुटुंबाचे लांबट पट्टे. एका घराचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले. असं का? तर चांगली जमीन एकाला आणि खडकाळ दुसऱ्याला, असं होऊ नये म्हणून. पाणी साचलं तर सगळ्यांचं थोडं थोडं जावं, पिकलं तर सगळ्यांचं थोडं थोडं पिकावं.

पीकही ज्याच्या त्याच्या मर्जीने घ्यायचं नाही. एका शेतात थंडीच्या आधी पेरलेला गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं जव किंवा कडधान्य, आणि तिसरं शेत पडीक. पुढल्या वर्षी पाळी बदलते. कापणी झाली की पूर्वी त्याच रानात सगळ्यांची जनावरं चरायची. एकाने उशिरा पेरलं तर त्याच्यासाठी साऱ्या गावाची जनावरं थांबून राहणार. म्हणून पेरणी कधी, कापणी कधी, जनावरं कधी सोडायची, हे सगळं बसून ठरवावं लागे.

हे ठरवणाऱ्या सभेला तिथे 'कोर्ट लीट' म्हणतात. नाव कोर्टाचं असलं तरी ती गावचीच कचेरी आहे. ती दरवर्षी बारा पंच नेमते. नोव्हेंबरच्या अखेरीला हे पंच, ज्या शेतात गहू पेरलाय त्या शेतात जातात. पट्ट्यांच्या हद्दी बघतात, जिथे हद्द पुसली असेल तिथे लाकडी खुंट्या ठोकतात. कोणी रस्त्यात नांगर घातला का, चर साफ केला का, तेही बघतात. मग गावातल्या खानावळीत एकत्र जेवतात आणि तिथेच दंड ठरवतात. आठवड्याभराने कोर्ट लीट भरतं. ज्याला दंड मान्य नाही, त्याने तिथे उभं राहून बोलावं. त्याच दिवशी पुढच्या वर्षीचे पंच शपथ घेतात.

दंड अगदी किरकोळ असतो, काही पौंडांचा. तेवढ्याने कोणी गरीब होत नाही. पण ज्यांच्यासोबत रोज उठायचं-बसायचं, त्यांच्यासमोर 'याने कोरलं' असं नाव घेतलं जातं. शिवाय आजचा पंच उद्या दंड भरणारा असू शकतो, म्हणून कोणी फार ताणतही नाही. नांगराला अवघड अशा ओलसर, उताराच्या जागी गवताच्या पट्ट्या सोडलेल्या आहेत. त्यांतल्या गवताचा दरवर्षी लिलाव होतो आणि आलेले पैसे हक्कदारांत वाटले जातात.

एके काळी इंग्लंडच्या मध्यभागातली असंख्य गावं अशीच होती. मग ती गेली कुठे?

त्यांना कुंपण पडलं. १६०४ ते १९१४ या काळात तिथल्या संसदेने पाच हजारांहून जास्त कायदे करून मोकळी शेतं आणि गावकीची कुरणं वाटून टाकली. ही जमीन सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशापेक्षा थोडी जास्त. एकेका गावासाठी वेगळा कायदा होई. त्याला गावाची संमती लागे, पण ती मोजायची कशी? माणसं मोजत नसत, जमिनीची किंमत मोजत. ज्यांच्याकडे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त किमतीची जमीन, त्यांनी होकार दिला की झालं. मूठभर मोठे मालक एका बाजूला आणि सारं गाव दुसऱ्या बाजूला असलं, तरी कायदा होत असे.

या वाटणीत लहान शेतकऱ्याला पट्ट्यांच्या बदल्यात जमीन मिळाली, पण तिला कुंपण घालायचा खर्च त्याच्याच माथी आला. अनेकांनी ती विकली. ज्यांच्याकडे कागद नव्हता, फक्त वहिवाट होती, त्यांच्या हाती बहुतेक ठिकाणी काहीच लागलं नाही.

आणि मैत्रिणींनो, वहिवाटीवर सगळ्यांत जास्त कोण जगत होतं? बाया. गावकीच्या कुरणात गाय चारायची, हंस पाळायचे, झुडपं तोडून सरपण आणायचं, ही कामं बायका आणि मुलंच करत. शेतमजुराच्या घरात गाय असेल तर दूध, लोणी, चीज घरचं. कुरण गेलं की गाय गेली, आणि गाय गेली की बाईची स्वतःची मिळकत गेली. मग नवऱ्याच्या मजुरीवर सगळं घर.

सरव्याचंही तसंच. कापणी झाल्यावर पडलेली कणसं वेचायला आपल्याकडे बाया जातात, तशा तिथेही जात. त्याला नियम होते. रानात एक पेंढी उभी असेपर्यंत कोणी आत पाऊल टाकायचं नाही. ती उचलली की सरवा खुला. काही गावांत चर्चची घंटा वाजायची, म्हणजे सगळ्या जणी एकाच वेळी सुरू करतील. काही ठिकाणी तर बायका आपल्यातलीच एक प्रमुख निवडत. त्या धान्यावर गरीब घर कित्येक आठवडे भाकरी खाई.

१७८७ साली सफोक परगण्यातल्या टिमवर्थ गावात मेरी हॉटन नावाच्या बाईने असाच सरवा वेचला. शेताच्या मालकाने तिच्यावर दावा लावला. १७८८ साली लंडनच्या न्यायालयात चारपैकी तीन न्यायाधीशांनी सांगितलं, सरवा वेचण्याचा हक्क कायद्यात नाही. एका न्यायाधीशाचं मत तिच्या बाजूने होतं, पण निकाल विरुद्ध गेला. तरीही गावोगावच्या बाया थांबल्या नाहीत. निकालानंतर शंभर वर्षं त्या सरवा वेचत राहिल्या, आणि बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्यांनाच माघार घ्यावी लागली. एकटी मेरी हरली, पण सगळ्या जणी मिळून गेल्या तेव्हा त्यांना अडवणं जड गेलं.

मग लॅक्सटनच कसं वाचलं? थोडं नशीब, थोडा मालकांमधला बेबनाव. तिथल्या मोठ्या जमीनदारांचा मेळ बसायला फार काळ गेला. तोवर शेतीला मंदी आली आणि कुंपणाचा खर्च परवडेनासा झाला. पुढे विसाव्या शतकात पट्टे जोडून मोठे केले, ट्रॅक्टर आले. १९५२ साली जमीनदाराने गाव सरकारच्या शेती खात्याला विकलं. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे गेलं, आणि २०२० मध्ये पुन्हा जुन्या जमीनदार घराण्याच्या इस्टेटीकडे आलं. मधे १९७७ साली नवा कायदा झाला आणि देशातल्या बहुतेक सगळ्या अशा गावकचेऱ्यांचे अधिकार गेले. लॅक्सटनचा अधिकार मात्र राखून ठेवला, कारण तिथली कचेरी खरोखर काम करत होती.

मालक बदलले, अवजारं बदलली, पंचांची फेरी मात्र चुकली नाही. त्या फेरीला आधार आहे नोंदीचा. १६३५ साली मार्क पीअर्स नावाच्या मोजणीदाराने या गावाचा मोठा नकाशा केला. त्यात एकेक पट्टा दाखवलाय, नांगरणारी आणि कापणी करणारी माणसंसुद्धा काढली आहेत. तो नकाशा आजही ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे.

जे सगळ्यांचं असतं ते हळूहळू कोणाचंच राहत नाही, असं आपण म्हणतो. लॅक्सटनला ते टिकलं, कारण तिथे हद्द लिहिलेली आहे, ती वर्षातून एकदा पायांनी चालून बघितली जाते, आणि चूक लहान असतानाच चारचौघांत सांगितली जाते. बाकीच्या गावांत ज्यांची मोजदाद झाली नाही, त्यांचं सगळ्यांत आधी गेलं.

गटाच्या पुढच्या बैठकीत यावर बोला. आपल्या गावाचं गायरान, पाणवठा, पाणंद यांच्या हद्दी कुठून कुठपर्यंत आहेत, हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहे? कागदावर त्यांची काय नोंद आहे? शेवटचं कोणी चालून बघितलं होतं? महिला सभेत हा विषय मांडायला एवढे तीन प्रश्न पुरे आहेत. आणि बघायला जाल तेव्हा एकटीने जाऊ नका, सगळ्या मिळून जा.