पदवी मिळाली, पुढे काय?
आमची लेक किर्गिझस्तानातून डॉक्टर होऊन चंद्रपूरला परतली, तेव्हा आम्ही मोहल्लाभर मिठाई वाटली. पण भारतात रुग्ण तपासायला आधी एफएमजीई परीक्षा द्यावी लागते: ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५० गुण, वर्षातून दोनदा संधी. मग वर्षभर इंटर्नशिप, त्यानंतर कायम नोंदणी.

पहिल्या खेपेस ती नापास झाली. नातेवाईक टोमणे मारू लागले. आम्ही सब्र केला, तिला अभ्यासाला वेळ दिला. दुसऱ्यांदा पास झाली, अल्हम्दुलिल्लाह! आता तिला गडचिरोलीत मलेरियाचे रुग्ण तपासायचे आहेत.

मुलांना परदेशी पाठवण्याआधी ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम आणि तिथलीच इंटर्नशिप आहे ना, हे तपासा. नापास झालं तर रागावू नका. दुआ करा, धीर द्या.