लेखांक सातवा : उलट फिरणारी मोटर

मागील लेखांकात आपण आपल्या चार पंख्यांच्या ड्रोनच्या सांगाड्याच्या चार बाहूंवर चार मोटरी बसवून त्यांच्या तारा वेगनियंत्रकांना, म्हणजे ईएससींना, सोल्डर करून घेतल्या. आता प्रथमच विद्युत्प्रवाह सोडला असता एखादी मोटर उलट फिरते, किंवा फिरण्याऐवजी जागच्या जागी नुसती थरथरते, असा अनुभव स्वहस्ते यंत्र जोडणाऱ्या बहुतेकांना येतो. आणि अशा वेळी तपास पुरा होईपर्यंत कोणत्याही भागाला दोषी ठरवू नये, एवढेच मला आज आग्रहाने सांगावयाचे आहे. तपासाला बसण्यापूर्वी चारही पाती उतरवून ठेवावीत. ही सूचना ऐच्छिक नाही. वेगाने फिरणारे चिमुकले पातेही बोट चिरून टाकते.

प्रथम दिशेचा विचार करू. फिरणारी प्रत्येक मोटर सांगाड्याला विरुद्ध दिशेने पिळू पाहते. म्हणून एका कर्णावरील दोन मोटरी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, तर दुसऱ्या कर्णावरील दोन त्यांच्या उलट फिरवून हे पीळ परस्परांकरवी निष्प्रभ केले जातात. आपल्याच ठाणे जिल्ह्यातील महापे येथील ‘आयडियाफोर्ज’ कंपनीचे ‘नेत्र’ हे ड्रोन असो, वा तळहातावर मावणारे आपले यंत्र असो, चार पंख्यांच्या विमानाला हा नियम चुकलेला नाही.

उलट फिरणाऱ्या मोटरीवरील उपाय डोंबिवलीच्या एमआयडीसीतील कोणताही वायरमन सांगू शकेल. थ्री-फेज पंप उलटा फिरू लागला, की तो तीनपैकी कोणत्याही दोन फेजांची अदलाबदल करतो. आपल्या ब्रशलेस मोटरीलाही तीनच तारा असून, त्यांतून क्रमाक्रमाने वाहणारा प्रवाह फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करीत असल्यामुळे, दोन तारा बदलताच तो क्रम, आणि क्रमाबरोबर दिशाही, पालटते. तिन्ही तारा एकेक जागा पुढे सरकविल्या, तर मात्र क्रम तोच राहतो आणि श्रम वाया जातात.

थरथरणाऱ्या मोटरीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे असते. तीनपैकी एक फेज कोठेतरी तुटल्याचे ते बहुधा लक्षण होय. गेल्या पावसाळ्यात अशीच एक मोटर मी निकामी ठरविली, आणि दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठून लॅमिंग्टन रोडवरून नवी आणली. तीही तशीच थरथरली, तेव्हा ध्यानात आले, की दोष ईएससीच्या एका पॅडवरील ड्राय सोल्डरमध्ये होता. तेव्हापासून मी संशयित मोटर शेजारच्या निर्दोष ईएससीला जोडून पाहतो. दोष मोटरीबरोबर गेला तर मोटर सदोष. मूळ जागीच राहिला तर ईएससी किंवा तेथील सांधा.

मोटरच सदोष ठरली, तर तिच्या तारा मोकळ्या करून, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून, तीन तारांच्या तिन्ही जोड्या तपासाव्यात. तिन्हींवर बीप आला पाहिजे. दोन जोड्या मुक्या राहिल्यास त्या दोहोंत समाईक असलेली तार तुटली आहे, आणि एखाद्या तारेचा मोटरीच्या धातूच्या अंगाशी बीप आल्यास आतील वेटोळ्यांवरचे इनॅमल गेले आहे, असे खुशाल समजावे.

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक कसोटीची नोंद वहीत करावी. दोन बदल एकदम केल्यावर यंत्र सुरळीत चालू लागले, तरी कोणत्या बदलाने ते चालले याची शहानिशा होत नाही, आणि तोच दोष पुन्हा उद्भवला म्हणजे तपास मुळापासून आरंभावा लागतो.

पुढील आठवड्यात पाती चढवून कंपनांचा विचार करू.