सागरी जीवरक्षण-प्रशिक्षणाचे मूल्यमापन

तळेगाव-चाकण मार्गावरील इंदुरी येथे तोलानी मेरीटाइम इन्स्टिट्यूट ही नौकाशिक्षण देणारी संस्था आहे. समुद्र सह्याद्रीपलीकडे, तरी समुद्रावर जाण्याची तयारी येथे होते. ह्या तयारीत जीवरक्षणाचे शिक्षण आंतरराष्ट्रीय नियमान्वये सक्तीचे आहे. जीवरक्षक जाकीट घालून उंचावरून पाण्यात उडी घेणे, उलटलेला तराफा सरळ करणे व त्यावर चढणे, हे धडे तलावात गिरविले जातात. परंतु तलावात उत्तीर्ण झालेला मनुष्य खवळलेल्या समुद्रात तरेल काय, हा खरा प्रश्न होय.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक ह्यांनी 1959 साली प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन आणि परिणाम. प्रमाणपत्र सामान्यतः दुसऱ्या पायरीपर्यंतच साक्ष देते. चौथी पायरी प्रत्यक्ष संकटाशिवाय दिसत नाही, आणि संकटे सुदैवाने विरळ असतात.

असे संकट 17 मे 1921 रोजी नव्हे, तर अगदी अलीकडे, 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळात ओढवले. मुंबईजवळच्या तेलक्षेत्रातील पी-305 ह्या निवासी बार्जचे नांगर तुटले व ते बुडाले. त्यावरील 261 जणांपैकी 186 जण नौदलाने व इतर नौकांनी वाचविले. वरप्रदा ही टगनौकाही बुडाली. दोन्ही मिळून 86 जण दगावले. अनेकजण केवळ जाकिटाच्या आधारे तासन्‌तास तरंगत राहिले. बरेचसे तराफे निरुपयोगी होते, असे बचावलेल्यांपैकी काहींनी वृत्तपत्रांना सांगितले.

ह्यावरून मूल्यमापनाच्या तीन मर्यादा ध्यानात येतात. पहिली, साधने सदोष असतील किंवा स्थलांतराचा निर्णय उशिरा झाला, तर उत्तम शिक्षणही अपुरे पडते. म्हणून मृत्युसंख्येवरून केवळ शिक्षणाचा गुणदोष ठरविता येत नाही. दुसरी, अनुभव वाचलेल्यांचाच मिळतो. जे बुडाले त्यांनी काय केले, हे कळत नाही. तिसरी, आज्ञापालन हा निर्णायक निकष नव्हे. उत्तर समुद्रातील पायपर आल्फा ह्या तेलमंचावर 1988 साली 167 जण मृत्युमुखी पडले. निवासकक्षात आदेशाची वाट पाहणारे बहुतेक दगावले, तर स्वतः वाट शोधून समुद्रात उतरलेल्यांपैकी पुष्कळ वाचले.

शिवाय उत्तर समुद्रात थंडी हा मुख्य शत्रू असतो, तर मे महिन्यातील अरबी समुद्र उबदार असतो. तेथे लाटा, थकवा व तहान ह्यांच्याशी झगडावे लागते. तेव्हा परीक्षाही स्थानिक परिस्थितीस अनुरूप हवी.

क्वचित लागणारे कौशल्य सरावाअभावी लवकर विसरले जाते. 2010 च्या मनिला दुरुस्त्यांनुसार नाविकांना दर पाच वर्षांनी आपली क्षमता कायम असल्याचा पुरावा द्यावा लागतो. मधल्या काळात पूर्वसूचनेविना, रात्रीच्या अंधारात घेतलेली चाचणी अधिक बोलकी ठरेल. बार्जवर नाविकांखेरीज वेल्डर, फिटर, स्वयंपाकी असे कंत्राटी कामगारही असतात. ह्यांतील पहिले दोन व्यवसाय पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील कारखान्यांच्या परिचयाचेच आहेत. जमिनीवर हे काम शिकलेला कामगार समुद्रावर गेला, तर त्याचे प्राण त्या चाचणीत सामावलेले असतात. प्रमाणपत्रांची संख्या मोजण्यापेक्षा ह्या कामगाराला सहा महिन्यांनंतर जाकीट अचूक बांधता येते काय, हे पाहणे हेच खरे मूल्यमापन होय.