पाढ्यांच्या मागचा हिवाळा

कृष्णाकाठच्या आमच्या घरी टेपरेकॉर्डर आला तो 1980च्या दशकात. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीसच मिनिटं, त्यामुळे ती जपून वापरली जाई. आजोबांचा हरिपाठ, आत्याच्या लग्नातले उखाणे, धाकट्या भावाचे पाढे, असं मोलाचं तेवढं टेप व्हायचं. घराचा रोजचा आवाज कुणी मुद्दाम टेप केला नाही. तरी आज त्या कॅसेट लावल्या की माझं सगळं लक्ष माणसांच्या बोलण्यामागे जातं, कारण आमचा हिवाळा तिथे आहे.

पाढ्यांच्या मागे बंब आहे. पाणी तापू लागलं की तळाशी धरलेले वाफेचे बुडबुडे वरच्या गार पाण्यात विरतात आणि बंब सूं सूं करू लागतो. तो आवाज आला की आई पहिल्या आंघोळीची हाक मारी. हरिपाठाच्या मागे आजी काठवटीत बाजरीची भाकरी थापते आहे. थाप थांबते, बांगड्या वाजतात, म्हणजे भाकरी तव्यावर पडली.

एका कॅसेटमध्ये रात्रीच्या ऊसगाड्याही आल्या आहेत. गळीत हंगामात बैलांच्या घुंगुरमाळा आणि कारखान्याचा भोंगा फार लांबून ऐकू यायचा. निरभ्र रात्री जमीन निवते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. उबदार हवेत आवाज जास्त वेगानं जातो, म्हणून वर निघालेला आवाज वळून पुन्हा खाली येतो. थंडीत सगळा शिवारच अंगणात आल्यासारखा वाटे तो त्यामुळे.

पुढे न्हाणीघरात गिझर आला, चुलीच्या जागी गॅस आला, रस्त्यावर ट्रॅक्टर वाढले. आईचे कष्ट कमी झाले, याचा मला आनंदच आहे. पण काम गेलं की त्याचा आवाजही जातो. जात्याचं असंच झालं. गिरण्या आल्या आणि दळताना म्हटल्या जाणाऱ्या ओव्या थांबत गेल्या. हेमा राईरकर, गी पॉइटव्हाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, कित्येक ध्वनिमुद्रितही केल्या, म्हणून त्या आज ऐकता येतात. घरच्या आवाजांसाठी असं कुणी बाहेरून येणार नाही. ते ज्याचं त्यानंच जपायला हवं.

आता घरोघरच्या कॅसेट संगणकावर घेतल्या जात आहेत. खरखर काढणारी सॉफ्टवेअर एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून पुसतात, आणि बंबाची सूं नेमकी तशीच असते. म्हणून आधी मूळ प्रत जशीच्या तशी वेव्ह फाइलमध्ये ठेवा. कोण बोलतंय, कुठली खोली, कुठला महिना, हे फाइलच्या नावात लिहा. साफ केलेली प्रत नंतर, आणि वेगळी.

आणि या हिवाळ्यात सकाळी फोन स्वयंपाकघरात ठेवून रेकॉर्डिंग चालू करा. कुणाला गप्प बसवू नका, मिक्सर थांबवू नका. कुकरच्या शिट्ट्या आणि आईची घाई हाच तुमच्या मुलांचा हिवाळा आहे.