भाताची मुळे: पसारा वेगळा, काम वेगळे

आवणातून उपटताना भाताच्या रोपाची बरीच मुळे तुटतात. लावणीनंतर तीच पुन्हा जोर धरतात ही समजूत चुकीची आहे. खाचरात रोप सावरते ते बुंध्याच्या पेऱ्यांतून फुटणाऱ्या नव्या मुळांच्या बळावर. पुढे फुटव्यांनाही स्वतःची मुळे येतात. त्यामुळे या काळात कोवळ्या मुळांचा वाटा मोठा असतो आणि वजनाच्या मानाने त्यांची शोषणक्षमताही भरपूर असते.

मुळांचा एकूण पसारा मात्र पीक निसवण्याच्या सुमारास सर्वाधिक होतो. पसारा वाढला म्हणजे कामही तितकेच वाढले, असे तेव्हा धरले जाते आणि खरी गफलत इथेच होते. जुनी मुळे थकत जातात. लोंबी बाहेर आली की पानांतली साखर प्रामुख्याने दाण्यांकडे वळते, मुळांच्या वाट्याला कमी येते आणि नवी मुळे फुटणे मंदावते.

मुळांच्या रंगावरूनही घाईने निष्कर्ष काढले जातात. चुडाची मुळे पाण्यात खळबळून धुतली की टोके पांढरी आणि वरचा भाग तांबूस दिसतो. ही कूज नव्हे. भाताच्या मुळांना प्राणवायू मुख्यतः पाने व खोडातील पोकळ्यांतून उतरणाऱ्या हवेतून मिळतो. त्यातला काही बाहेर झिरपतो, चिखलातल्या विरघळलेल्या लोहाशी त्याचा संयोग होतो आणि मुळावर गंजासारखा लेप बसतो. काळी पडलेली, सडक्या अंड्यासारखा वास येणारी मुळे मात्र खरोखर धोक्याची खूण आहेत: तिथे प्राणवायू अपुरा पडून गंधकाचा विषारी वायू साचलेला असतो.

खाचर सतत तुडुंब असलेच पाहिजे, हाही गैरसमज. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार पाण्याची पातळी जमिनीखाली 15 सेंमीपर्यंत उतरू देऊन पुन्हा पाणी देता येते. फुलोऱ्यात मात्र ही सवलत नाही. तेव्हा ताण बसला तर दाणे पोचट राहतात.

निसवल्यावर मुळांचे काम संपले, असे मानून पाणी लवकर तोडणे सर्वांत नुकसानीचे. दाण्यातला बहुतेक पिष्टमय भाग फुलोऱ्यानंतर पानांत तयार होणाऱ्या साखरेपासूनच बनतो आणि ती पाने हिरवी ठेवणारे सायटोकायनिन मुळांकडून येते. मुळे अकाली थकली की पाने लवकर पिवळी पडतात आणि लोंबीच्या तळाकडचे दाणे अर्धवट भरतात. म्हणून खाचरातले पाणी कापणीच्या साधारण 10 दिवस आधी काढतात, त्यापूर्वी नाही.