मंडपातला गिटार प्रोसेसर
पांढुर्णा-सौंसरकडे गणपती-देवीच्या मंडपात गिटारवाल्याला वेगळा अ‍ॅम्प मिळेलच असं नाही. वायर बरेचदा थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये जाते. म्हणून मल्टी-इफेक्ट प्रोसेसर घेताना इफेक्ट किती, हे नंतर मोजा. आधी त्यातलं कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे गिटार अ‍ॅम्पच्या स्पीकरची नक्कल, ऐका. मिक्सरला जोडताना ते बंद राहिलं, तर डिस्टॉर्शन माशी घोंगावल्यासारखं कर्कश येतं. गिटारचा अ‍ॅम्प मिळाला, तर मात्र ते बंदच करा. नागपूरला खरेदीला जाताना आपलीच गिटार न्या आणि हेडफोनवर न थांबता स्पीकरवर वाजवून बघा. बॉस कंपनीचा जीटी-१ हा प्रोसेसर चार पेन्सिल सेलवरही चालतो. अ‍ॅडाप्टरमधून गुणगुण येते तिथे हे फार मोलाचं. पत्र्याच्या सभागृहात आवाज आधीच घुमतो, तिथे रिव्हर्ब निम्म्यावर आणा. सोलोच्या पॅचचा (सोलोसाठी साठवलेल्या सेटिंगचा) आवाज तालमीतच थोडा मोठा करून सेव्ह करा.